दोन सेकंदांची रेषा आणि ताऱ्याचं मरण : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दीर्घ गॅमा किरण स्फोट (आकाशातून येणारे, दोन सेकंदांहून जास्त टिकणारे गॅमा किरणांचे उद्रेक) हे वजनदार ताऱ्यांच्या मृत्यूशी जोडलेले आहेत आणि जवळच्या स्फोटांसोबत सुपरनोव्हाही, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा महास्फोटही, दिसतो. त्यावर आलेल्या एका सविस्तर प्रतिक्रियेला चार ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. हजारो दीर्घ स्फोट नोंदले गेले, पण सुपरनोव्हा सापडला तो त्यांतल्या अगदी थोड्यांसोबत. २००६ आणि २०२१ साली जवळ झालेले, चांगले लांबलचक स्फोट असे निघाले की कसून शोधूनही सुपरनोव्हा मिळाला नाही. उलट बाजूने पाहिलं तर बहुतेक सुपरनोव्हांतून गॅमा किरणांचा मागमूस लागत नाही. आणि ज्या १९९८च्या घटनेवरून ही सगळी गोष्ट सुरू झाली तो निव्वळ योगायोग असू शकतो. तेव्हा "संबंध प्रस्थापित झाला आहे" हे माझं वाक्य म्हणजे विज्ञानाच्या नावावर खपवलेली श्रद्धा आहे.

श्रद्धेचं नंतर बघू. मुद्दे मात्र तुम्ही नेमके काढले आहेत आणि त्यांतले दोन खरोखर वजनदार आहेत. वजनदार नाही तो योगायोगाचा, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

त्याआधी दावा काय आहे ते नीट मांडतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत "सुपरनोव्हातून गॅमा किरण निघतात" असं गृहीत धरलेलं दिसतं. तसं कुणी म्हणत नाही. सूर्याच्या कितीतरी पट वजनाच्या ताऱ्याचं इंधन संपतं, गाभा कोसळतो आणि बहुधा कृष्णविवर तयार होतं. तारा वेगाने फिरत असेल तर आत पडणारा माल थेट न पडता कृष्णविवराभोवती चकतीच्या रूपात फिरू लागतो, आणि फिरण्याच्या अक्षावरून दोन्ही दिशांना अरुंद झोत सुटतात. झोत ताऱ्याला भेदून प्रकाशाच्या जवळपास वेगाने बाहेर पडला की त्यातून गॅमा किरण येतात. सुपरनोव्हाचा प्रकाश वेगळ्याच ठिकाणचा असतो: उधळल्या गेलेल्या ताऱ्याच्या मालात निकेल-५६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, त्याचं कोबाल्ट-५६ होतं, कोबाल्टचं लोह होतं, आणि त्या क्षयातून मिळणाऱ्या उष्णतेवर तो माल आठवडेच्या आठवडे तळपत राहतो. निकेलचा अर्धायुकाल सहा दिवसांचा, कोबाल्टचा ७७ दिवसांचा. म्हणजे गॅमा किरण काही सेकंदांचे आणि सुपरनोव्हा काही आठवड्यांचा. दोघांचं मूळ एक, पण एकातून दुसरं निघत नाही. एक दिसलं म्हणजे दुसरं दिसलंच पाहिजे असं सिद्धांतही म्हणत नाही.

किंबहुना सिद्धांत सुरुवातीला उलटंच म्हणत होता. खगोलशास्त्रज्ञ स्टॅन वूझली यांनी १९९३ साली हे चित्र मांडलं तेव्हा त्यांनी त्याला "फसलेला" सुपरनोव्हा म्हटलं होतं. तारा आतल्या आत कृष्णविवरात जाणार, झोत सुटणार, पण ठळक सुपरनोव्हा दिसणार नाही, अशी ती कल्पना होती. पाच वर्षांनी आकाशात सुपरनोव्हा दिसला, तोही नेहमीपेक्षा दांडगा, आणि मग सिद्धांताला आपलं गणित बदलावं लागलं. निकेल कुठून आलं, तर चकतीवरून वाहणाऱ्या वाऱ्यातून, हा विचार त्यानंतर पुढे आला. श्रद्धेचा आरोप मला इथे लागू होत नाही असं वाटतं. श्रद्धा असती तर ती सुपरनोव्हा दिसणार नाही या बाजूची असती.

आता १९९८. २५ एप्रिलला बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने एक स्फोट टिपला. त्या जागेच्या चौकशीत टिटस गालामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत नवा सुपरनोव्हा दिसला: एसएन १९९८बीडब्ल्यू. उपग्रहाने दिलेला आकाशाचा तुकडा काही कलामिनिटांचा होता, त्यात एकाहून जास्त क्ष-किरण स्रोत होते, आणि हा स्फोट त्या काळी माहीत असलेल्या स्फोटांच्या मानाने हजारो पटींनी मंद होता. संशय घ्यायला जागा होतीच आणि पुष्कळांनी तो घेतला. जागा आणि वेळ निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी काढली गेली. तेवढ्यावर कुणी घर बांधत नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य. पण त्याच वेळी श्रीनिवास कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी रेडिओ निरीक्षणांतून दाखवलं की या सुपरनोव्हातला थोडा माल प्रकाशाच्या जवळपास वेगाने पसरतो आहे. तोवर कुठल्याही सुपरनोव्हात असं दिसलं नव्हतं. गॅमा किरण बाजूला ठेवले तरी ही वस्तू विचित्रच होती. योगायोग मानायचा तर तो असा हवा होता, की आकाशाच्या नेमक्या त्या तुकड्यात, त्याच एक-दोन दिवसांत, तोवरचा सर्वांत चमत्कारिक सुपरनोव्हा फुटला.

तरीही १९९८वर सगळं उभं आहे हे खरं नाही. ते २००३वर उभं आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्या वर्षाचा उल्लेखच नाही.

२९ मार्च २००३ रोजी हेटी-२ उपग्रहाने एक प्रखर स्फोट टिपला. त्याची मागे उरणारी चमक, म्हणजे आफ्टरग्लो, इतकी ठळक होती की लहान दुर्बिणींनीही ती पाहता आली. वर्णपटावरून ताम्रसृती (विश्व पसरत असल्याने प्रकाश किती लाल झाला याचं माप; जितकी जास्त तितका स्रोत दूर) ०.१७ च्या आसपास निघाली, म्हणजे प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. नेहमीच्या स्फोटांच्या मानाने हे शेजारीच. आणि हा स्फोट १९९८सारखा दुबळा नव्हता.

पुढचे काही दिवस वर्णपट रोज घेतले गेले. सुरुवातीचे सगळे सपाट: आफ्टरग्लोचा प्रकाश झोत आजूबाजूच्या वायूवर आदळल्यामुळे येतो आणि त्यात मूलद्रव्यांचे उंचवटे नसतात, निळ्यापासून लालपर्यंत एक गुळगुळीत उतार असतो. आठवड्याभराने त्या उतारावर रुंद फुगवटे दिसू लागले. दहाव्या दिवसापर्यंत ते इतके स्पष्ट झाले की उतार वजा केल्यावर जे उरलं ते १९९८बीडब्ल्यूच्या तेवढ्याच वयाच्या वर्णपटाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. स्टानेक यांचा गट आणि योर्थ यांचा गट, दोघांनीही वेगवेगळ्या दुर्बिणी वापरून हेच पाहिलं. त्या रुंदीवरून माल सेकंदाला तीस हजार किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर येत होता असं निघालं, आणि स्फोटाची वेळ गॅमा किरणांच्या वेळेशी काही दिवसांच्या आत बसली. हा सुपरनोव्हा म्हणजे एसएन २००३डीएच.

इथे काय घडलं ते थांबून पाहण्यासारखं आहे. १९९८मध्ये आकाशातल्या दोन वस्तू जवळजवळ होत्या आणि त्या एकच आहेत का हा प्रश्न होता. २००३मध्ये वस्तू एकच होती. ज्या ठिपक्याला सगळे आफ्टरग्लो म्हणून ओळखत होते, तोच ठिपका डोळ्यांदेखत सुपरनोव्हात बदलला. जागा जुळण्याची शक्यता वगैरे हिशोबच संपला. माझं "प्रस्थापित" हे क्रियापद या वर्णपटांवर टेकलेलं आहे.

"थोड्यांसोबतच सापडला" हा मुद्दा आता. त्यात खोट अशी की छेद, म्हणजे कितींपैकी मोजायचं ती संख्या, चुकीचा घेतला आहे. स्विफ्ट उपग्रहाने टिपलेले बहुसंख्य दीर्घ स्फोट ताम्रसृती १ च्या पलीकडचे आहेत. गॅमा किरणांचा झोत तिथून सहज दिसतो, सुपरनोव्हा दिसत नाही. नुसता अंतराचा प्रश्न असता तर मोठ्या दुर्बिणींनी थोडीफार मात केली असती, पण अडचण रंगाचीही आहे. त्या अंतरावरचा जो प्रकाश आपल्याला दृश्य पट्ट्यात मिळतो तो मुळात अतिनील म्हणून निघालेला असतो, आणि अतिनीलमध्ये असा सुपरनोव्हा फार मंद असतो, कारण लोहासारख्या धातूंच्या असंख्य रेषा तो प्रकाश गिळून टाकतात. वर आफ्टरग्लोची चमक, यजमान दीर्घिकेचा स्वतःचा उजेड, आणि धूळ. ज्या स्फोटांसाठी शोध शक्य होता त्यांतल्या किती जणांत सुपरनोव्हा दिसला, हे विचारायला हवं. तसं विचारलं की चित्र पालटतं: जवळच्या, स्वच्छ दिसणाऱ्या दीर्घ स्फोटांत सुपरनोव्हा सापडणं हाच नेम आहे आणि न सापडणं ही बातमी ठरते. तुम्हाला २००६ आणि २०२१ची नावं पाठ आहेत ती त्यामुळेच.

तुमच्या जागी मी असतो तर मी वेगळा वार केला असता. सर्वांत जवळचे, सर्वांत नीट अभ्यासलेले बरेच स्फोट फार दुबळे आहेत. १९९८चा तसा. १८ फेब्रुवारी २००६चा तसाच: सुमारे ४४ कोटी प्रकाशवर्षांवरचा, अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळलेला, मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या किरणांचा. त्यात स्विफ्टला क्ष-किरणांत तापलेल्या वायूचा घटक दिसला, आणि आघाताची लाट ताऱ्याच्या किंवा त्याच्या दाट वाऱ्याच्या कडेतून बाहेर फुटतानाचा तो क्षण असावा असा अर्थ लावला गेला. निरीक्षण म्हणून अप्रतिम. पण शंकेखोराने म्हणावं, हे दुबळे स्फोट हीच एक वेगळी जात असेल, आणि विश्वाच्या टोकावरून दिसणारे प्रचंड स्फोट दुसऱ्याच कशामुळे होत असतील तर?

हा आक्षेप २००३च्या घटनेने निम्मा निकालात काढला होता. उरलेला निम्मा २७ एप्रिल २०१३च्या स्फोटाने काढला. ताम्रसृती ०.३४, आणि ऊर्जा अशी की ती सगळ्या दिशांना सारखी पसरली असं धरलं तर सूर्याच्या जवळपास अर्ध्या वस्तुमानाचं सरळ ऊर्जेत रूपांतर करावं लागेल. विश्वाच्या टोकावरून दिसणाऱ्या प्रचंड स्फोटांच्याच पंगतीतला हा. त्याच्याही जागी सुपरनोव्हा उगवला, एसएन २०१३सीक्यू, आणि तो १९९८बीडब्ल्यूच्याच घरातला निघाला. मग ९ ऑक्टोबर २०२२चा, आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी. तो आपल्या आकाशगंगेच्या प्रतलाजवळ, धुळीआड होता, आफ्टरग्लोही विलक्षण प्रखर, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत सुपरनोव्हा आहे की नाही यावर गटागटांत मतभेद होते. सुमारे सहा महिन्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात ऑक्सिजन आणि कॅल्शियमच्या रेषा सापडल्या आणि सुपरनोव्हा अगदीच साधा निघाला. गॅमा किरणांत १९९८ आणि २०२२ यांच्यात कित्येक लाखपटींचा फरक, आणि मागे राहिलेले सुपरनोव्हा जवळजवळ सारखे! मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. झोत किती जोरकस आहे याची सुपरनोव्हाला खबरच नसावी असं काहीसं.

आता तुमचा खरा वजनदार मुद्दा. १४ जून २००६चा स्फोट शंभर सेकंद चालला. ताम्रसृती ०.१२५, म्हणजे २००३पेक्षाही जवळ. अनेक गटांनी शोधलं. असता तर तो १९९८बीडब्ल्यूच्या शंभरपट मंद असता तरी दिसला असता. दिसला नाही. ११ डिसेंबर २०२१चा स्फोट सुमारे ५० सेकंदांचा आणि १.१ अब्ज प्रकाशवर्षांवरचा. तिथेही सुपरनोव्हा नाही.

पण तिथे दुसरं काही दिसलं, आणि ते तुम्ही वगळलंत. २०२१च्या स्फोटाच्या जागी काही दिवसांत झपाट्याने लाल होत विझणारी चमक होती. ती किलोनोव्हाची खूण. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की न्यूट्रॉनांनी भरलेला थोडा माल फेकला जातो, त्यात सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं तयार होतात आणि तो असा चमकतो. १७ ऑगस्ट २०१७ला गुरुत्वीय लहरींपाठोपाठ, १.७ सेकंदांनी आखूड गॅमा स्फोट आला होता, तेव्हा ही चमक पहिल्यांदा निर्विवाद पाहिली गेली. ७ मार्च २०२३चा अर्ध्या मिनिटाहून जास्त चाललेला स्फोटही याच माळेतला: जेम्स वेबच्या वर्णपटात टेल्युरियमची मानली जाणारी रेषा आहे, आणि स्फोटाची जागा ज्या दीर्घिकेची समजली जाते तिच्यापासून लाखभर प्रकाशवर्षं दूर, ओसाडीत आहे. वजनदार तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात, जन्मस्थानापासून इतकं लांब जायला त्यांना सवडच नसते. एकमेकांभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी मात्र अब्जावधी वर्षं भटकू शकते. २०२१च्या स्फोटासाठी श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारा यांच्या टकरीचाही प्रस्ताव आहे, तो वाद चालू आहे. २००६च्या स्फोटाचंही म्हणाल, तर २०१५ साली जुनी निरीक्षणं पुन्हा तपासल्यावर त्यातही किलोनोव्हासारखी लाल चमक सापडली. आणि २००६मध्येच लोकांच्या लक्षात आलं होतं की त्याची सुरुवातीची काही सेकंदं आखूड स्फोटांसारखी कडक आहेत आणि मागची लांब शेपटी मऊ आहे.

म्हणजे मोडलं काय? दोन सेकंदांची रेषा. ती १९९३ साली कॉम्प्टन वेधशाळेच्या बॅट्सी उपकरणाच्या नोंदींवरून आली, स्फोटांच्या कालावधीच्या आलेखात दोन टेकड्या दिसल्या आणि त्यांच्यामधल्या दरीत रेषा मारली. दोन्ही टेकड्यांच्या कडा एकमेकींत शिरलेल्या आहेत हे तेव्हाही दिसत होतं. ताप तीन दिवस राहिला की आठ दिवस, एवढ्यावरून रोगाचं नाव ठरवण्यासारखा हा प्रकार. बहुतेकदा जमून जातो, कधी फसतो. फसणं दोन्ही बाजूंनी होतं. २६ ऑगस्ट २०२०चा स्फोट सेकंदभराचा होता, रेषेच्या आखूड बाजूचा, आणि त्याच्यामागे सुपरनोव्हाच्या खुणा निघाल्या. ही घटना तुमच्या बाजूची की माझ्या? माझ्या मते ती घड्याळाच्या विरुद्धची आहे, ताऱ्याच्या विरुद्धची नाही.

इथे तुम्ही म्हणाल, सोयीस्कर आहे: सुपरनोव्हा दिसला तर ताऱ्याचं मरण, नाही दिसला तर टक्कर, मग सिद्धांत चुकणार कसा? रास्त प्रश्न. उत्तर असं की निवाडा सुपरनोव्हा एकट्यावर सोडलेला नाही. स्फोट दीर्घिकेत कुठे झाला हा स्वतंत्र साक्षीदार आहे. अँड्र्यू फ्रुक्टर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हबलच्या प्रतिमांवरून दाखवलं की दीर्घ स्फोट आपल्या लहान, वेड्यावाकड्या दीर्घिकांच्या सर्वांत उजळ भागांवर दाटी करून असतात, म्हणजे जिथे वजनदार तारे जन्मतात तिथेच. तेही सुपरनोव्हा दिसला की नाही हे न विचारता, ज्यांच्यात तो दिसणं अशक्य आहे अशा दूरच्या स्फोटांसकट. आखूड स्फोट तसे वागत नाहीत. काही तर नव्या ताऱ्यांचा जन्म कधीच थांबलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत मिळतात. शिवाय प्रकाशाच्या कमी आणि जास्त ऊर्जेच्या भागांमधली वेळेची दिरंगाई, किलोनोव्हाचा लाल रंग, यजमानापासूनचं अंतर, हे सगळे एकमेकांपासून सुटे धागे आहेत आणि ते सहसा एकाच बाजूला ओढतात.

उरला प्रश्न बहुतेक सुपरनोव्हांतून गॅमा किरण का येत नाहीत हा. याचं उत्तर सोपं आहे. गॅमा स्फोटांसोबत दिसणारे सुपरनोव्हा जवळजवळ सगळे एकाच दुर्मीळ प्रकारचे आहेत: वर्णपटात रुंद रेषा असलेले 'वन-सी' (Ic) या वर्गातले. यांत हायड्रोजन नाही, हेलियमही दिसत नाही. ताऱ्याने दोन्ही थर आधीच गमावलेले असतात. याचं कारण झोताच्या प्रवासात आहे. सूर्याच्या त्रिज्येएवढं अंतर कापायला प्रकाशाला सव्वादोन सेकंद लागतात. उघडा पडलेला गाभा साधारण त्याच मापाचा, तिथून झोत काही सेकंदांत बाहेर येतो. पण सूर्याच्या पाचशेपट त्रिज्येचा लाल महाराक्षसी तारा असेल तर प्रकाशालाही बाहेर यायला जवळपास वीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ आतलं इंजिन चालत नाही आणि झोत गुदमरतो. त्यात भर म्हणजे झोत अरुंद. त्याचा अर्धकोन पाच अंश धरला तर अडीचशे निरीक्षकांत एखादाच त्याच्या वाटेत येतो. आपल्याकडे न वळलेला झोत आपल्यासाठी नुसता सुपरनोव्हा असतो.

असे अर्धवट झोत असल्याचे पुरावेही आहेत. एसएन २००९बीबीत गॅमा किरण दिसले नाहीत, पण रेडिओ निरीक्षणांत प्रकाशाच्या जवळपास वेगाचा माल दिसला. ५ डिसेंबर २०१७च्या दुबळ्या स्फोटामागे पहिल्याच दिवसांत सेकंदाला लाखभर किलोमीटर वेगाचा वायू दिसला, झोताने ताऱ्यातून जाताना बाजूला लोटलेला. २०२४ साली सोडलेला आइन्स्टाइन प्रोब उपग्रह गॅमा किरण नसलेले क्ष-किरणांचे उद्रेक टिपतो आहे आणि त्यांतल्या काहींच्या मागे याच प्रकारचे सुपरनोव्हा मिळाले आहेत. पूर्ण यशस्वी झोत आणि पूर्ण गुदमरलेला झोत यांच्यामधल्या पायऱ्या अशा भरत चालल्या आहेत.

तुम्ही उल्लेख केला नाही पण जो मला स्वतःला खुपतो तो स्फोट ५ मे २००६चा आहे. चारेक सेकंदांचा, ताम्रसृती ०.०९. सुपरनोव्हा अजिबात नाही, शोध खोलवर गेलेला. आणि जागा? एका सर्पिल दीर्घिकेच्या भुजेतला, तरुण ताऱ्यांनी भरलेला पट्टा. ओसाडी नाही, लांब भटकलेली जोडी नाही. चार सेकंद म्हटल्यावर आखूड स्फोटांची कड म्हणून त्याला टकरीच्या खात्यात टाकता येतं आणि पुष्कळ जण टाकतात. दुसरी शक्यता वूझली यांच्या १९९३च्या मूळ कल्पनेची: झोत सुटला, पण निकेल जेमतेम तयार झालं आणि तारा गपचूप कृष्णविवरात गेला. अशी घटना पुन्हा जवळ घडली, वजनदार ताऱ्यांच्या वस्तीत, कालावधी निःसंशय दीर्घ, आणि जेम्स वेबसारख्या दुर्बिणीलाही ना सुपरनोव्हा दिसला ना किलोनोव्हा, तर "जवळच्या दीर्घ स्फोटांसोबत सुपरनोव्हा दिसतो" हे माझं वाक्य मला बदलावं लागेल. "वजनदार ताऱ्यांच्या मृत्यूशी जोडलेले" हे मात्र तेव्हाही बदलावं लागणार नाही.